मोहोर यायच्या आत: आंबा विकणारी नवी वेबसाइट गुगलवर कशी आणायची

हापूसच्या पेट्या विकायची वेबसाइट बहुतेकदा फेब्रुवारीच्या अखेरीस तयार होते. मार्चमध्ये पहिली फळं उतरतात, मालक गुगलवर ‘देवगड हापूस घरपोच’ टाकून बघतो आणि दहा पानं उलटली तरी स्वतःचं नाव सापडत नाही. साइट दिसायला लागते ती पाऊस सुरू झाल्यावर, बाग रिकामी झाल्यावर. शोधासाठी केलेल्या सुधारणांचा फायदा दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असं गुगलच्याच मार्गदर्शनात लिहिलेलं आहे. मार्चपासून चार महिने मागे मोजा, नोव्हेंबर येतो. म्हणजे ही कामं ऑक्टोबरची आहेत, मोहोर यायच्या आधीची.

खाली उदाहरण धरलंय देवगडकडच्या एका बागायतदाराचं: स्वतःची बाग, वर्डप्रेसवर केलेली सात-आठ पानांची साइट, पुण्या-मुंबईला जाणाऱ्या पेट्या. पैठणी विकणाऱ्यांना किंवा टेम्पो भाड्याने देणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं, हंगाम तेवढा वेगळा.

आधी बघा, गाडी अडलीय कुठे

‘गुगलवर दिसत नाही’ ही एकच तक्रार तीन वेगळ्या दुखण्यांची असू शकते. एक, गुगलला पान सापडलेलंच नाही. दोन, सापडलं पण त्याने ते आपल्या साठ्यात, म्हणजे इंडेक्समध्ये, घेतलेलं नाही. तीन, घेतलंय पण ते इतकं मागे आहे की कुणी तिथवर जात नाही. पहिल्या दोन दुखण्यांवर उपाय तांत्रिक आहे आणि एका दुपारचा आहे. तिसऱ्यावर उपाय म्हणजे पानावर काय लिहिलंय ते. लोक नेमके उलटे वागतात: पान इंडेक्समध्येच नसताना मजकूर बदलत बसतात, किंवा मजकुरात काही दम नसताना प्लगइनवर प्लगइन (वर्डप्रेसला जोडायच्या तयार सोयी) चढवतात.

झटपट चाचणी अशी. गुगलच्या शोधपट्टीत साइट हा इंग्रजी शब्द, लगेच कोलन, आणि मध्ये जागा न सोडता आपला पत्ता टाका. पानं आली तर साइट इंडेक्समध्ये आहे. काहीच आलं नाही तर बहुधा नाही. ‘बहुधा’ म्हणायचं कारण, या चाचणीत सगळी पानं दिसतातच असं नाही. पक्कं उत्तर सर्च कन्सोल, म्हणजे साइटच्या मालकांसाठीचं गुगलचं साधन, देतो.

वर्डप्रेसची एक बारीक खूण

साइट बनवताना अर्धवट पानं गुगलवर जाऊ नयेत म्हणून बनवणारे एक खूण करून ठेवतात आणि साइट सुरू करताना ती काढायला विसरतात. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘रीडिंग’ उघडा. अगदी तळाशी ‘डिस्करेज सर्च इंजिन्स फ्रॉम इंडेक्सिंग धिस साइट’ असं लिहिलेला चौकोन आहे. तो रिकामा हवा. तिथे टिक असेल तर प्रत्येक पानाच्या कोडमध्ये ‘नोइंडेक्स’ची सूचना जाते आणि गुगल ती मुकाट पाळतो. बाकी सगळं कितीही चोख असलं तरी ही एक टिक ते पाण्यात घालते.

टिक काढल्यावरही खात्री करा. संगणकावर साइटचं मुख्य पान उघडा, कंट्रोल आणि यू दाबून कोड काढा आणि त्यात नोइंडेक्स हा शब्द इंग्रजीत शोधा. अजून सापडत असेल तर तो एखाद्या एसईओ (शोधात वर येण्यासाठीच्या) प्लगइनमधून किंवा ‘कमिंग सून’वाल्या प्लगइनमधून येत असणार. कॅश प्लगइन (पानाची साठवलेली प्रत दाखवणारं) असेल तर आधी कॅश रिकामी करा, नाहीतर जुनंच पान बघून गोंधळ उडेल.

रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइलही तपासा. पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन या फाइलचं नाव टाकलं की ती उघडते. ‘युजर एजंट’पुढे तारा आणि ‘डिसअलाउ’पुढे नुसती एक तिरकी रेघ असेल, तर सगळ्याच शोधयंत्रांना दारातून परत पाठवलं जातंय. इथे एक गैरसमज नेहमी होतो. ही फाइल गुगलला पान वाचू देत नाही, पण पानाचा पत्ता इतरत्र सापडला तर नुसता पत्ता इंडेक्समध्ये जाऊ शकतो. उलट, नोइंडेक्सची सूचना पाळण्यासाठी गुगलला ते पान वाचता यावं लागतं. त्यामुळे एखादं पान गुगलवर नकोच असेल, तर फक्त नोइंडेक्स लावा. रोबोट्सची बंदी आणि नोइंडेक्स दोन्ही एकदम लावले की नोइंडेक्स त्याला वाचताच येत नाही.

शॉपिफायवर साइट असेल तर पाहण्याची जागा वेगळी: दुकानावर पासवर्डचं पान चालू असेपर्यंत आत कुणालाच जाता येत नाही, गुगललाही नाही.

सर्च कन्सोल: मालकाच्या नावावर, मालकाच्या जीमेलवर

सर्च कन्सोल फुकट आहे. साइट बनवणाऱ्याने तो आपल्या खात्यावर उघडला असेल तर स्वतःला ‘ओनर’ म्हणून जोडून घ्या. नुसत्या ‘युजर’ परवानगीत सगळं करता येत नाही. हाच नियम डोमेनला, म्हणजे साइटच्या नावाला. डोमेन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर नोंदलंय ते आजच बघा. वर्षाने नूतनीकरणाचा मेल तिसऱ्याच्याच खात्यात जातो, डोमेन सुटतं आणि केलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं.

नवी प्रॉपर्टी जोडताना दोन पर्याय येतात. ‘डोमेन’ घ्या. त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले-नसलेले, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस असे सगळे पत्ते एकत्र येतात. त्यासाठी गुगल एक लांबलचक ओळ देतो, ती डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठे वळतं ते सांगणाऱ्या नोंदवहीत, टीएक्सटी प्रकारची नोंद म्हणून घालायची. होस्ट किंवा नेम विचारलं तर ‘अ‍ॅट’चं चिन्ह टाकायचं, व्हॅल्यूमध्ये ती ओळ चिकटवायची, जतन करायचं आणि सर्च कन्सोलमध्ये येऊन ‘व्हेरिफाय’ दाबायचं. कधी दहा मिनिटांत होतं, कधी दुसरा दिवस उजाडतो.

दोन दिवसांनीही होत नसेल तर बहुतेक वेळा चूक एकच असते. डोमेन एका कंपनीकडून घेतलेलं, पण नेमसर्व्हर, म्हणजे ही नोंदवही सांभाळणारे संगणक, दुसरीकडे वळवलेले, म्हणजे होस्टिंगवाल्याकडे किंवा क्लाउडफ्लेअरकडे. आणि नोंद घातली डोमेन घेतलं तिथे. ती नोंद कुणी वाचतच नाही. नेमसर्व्हर जिथे बोट दाखवतात तिथल्या डीएनएसमध्ये ती हवी. व्हेरिफाय झाल्यावर ‘आता काम झालं’ म्हणून ती ओळ काढू नका; काढली की काही काळाने मालकी जाते.

मग साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांच्या पत्त्यांची यादी. वर्डप्रेसच्या ५.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, तो आपोआप तयार होतो. मुख्य पत्त्यापुढे तिरकी रेघ आणि ‘डब्ल्यूपी-साइटमॅप डॉट एक्सएमएल’ असा त्याचा पत्ता. योस्टसारखं प्लगइन असेल तर ते हा बंद करून स्वतःचा देतं, तेव्हा पत्ता प्लगइनच्या सेटिंगमधून घ्या. सर्च कन्सोलच्या ‘साइटमॅप्स’मध्ये टाकून ‘सबमिट’ करा. नव्या साइटला कधी कधी ‘कुडन्ट फेच’ असा लाल शेरा येतो. ब्राउझरमध्ये साइटमॅप नीट उघडत असेल तर चार-पाच दिवस वाट बघा, घाबरून पुन्हा पुन्हा टाकू नका. एका साइटमॅपमध्ये ५०,००० पत्ते मावतात. आठ पानांच्या साइटला त्याची फिकीर नको. त्यापेक्षा त्यात नको ती पानं आहेत का ते बघा. वर्डप्रेसने स्वतःच ठेवलेलं ‘हॅलो वर्ल्ड’ आणि ‘सॅम्पल पेज’ अजून तिथेच बसलेलं असतं. डिलीट करा.

शेवटी वरच्या पट्टीत मुख्य पानाचा पत्ता टाका. हे ‘यूआरएल इन्स्पेक्शन’. ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ दाबून गुगलला पान नीट दिसतंय का ते बघा, मग ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’. महत्त्वाच्या चार-पाच पानांसाठी एकेकदा एवढं पुरे. तीच विनंती रोज करून रांगेत नंबर वर सरकत नाही. काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो.

‘सापडलं’ आणि ‘वाचलं’ यांतला फरक

सर्च कन्सोलच्या ‘पेजेस’ अहवालात दोन शेरे सारखेच वाटतात, पण त्यांचा अर्थ वेगळा. ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ म्हणजे पत्ता कळलाय, पण गुगल अजून आत आलेला नाही. नव्या साइटला सुरुवातीला हे होणारच. महिना उलटला तरी तसंच असेल तर त्या पानाला साइटच्या आतून दुवा आहे का ते बघा. मेनूत नाही, मुख्य पानावर नाही, कुठल्याच पानावरून तिकडे जाता येत नाही, असं पान फक्त साइटमॅपच्या भरवशावर असतं. होस्टिंग फार संथ असेल तरी गुगल हात आखडता घेतो.

‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ मात्र मजकुरावरचा शेरा आहे. गुगल आला, वाचलं आणि साठवण्यासारखं काही वाटलं नाही. इथे विनंतीचं बटण दाबून उपयोग नाही. पान बदलावं लागेल.

फॉन्टचा घोळ

मराठी साइटवर हा प्रकार अजून सर्रास दिसतो, म्हणून जरा थांबून सांगायला हवा. पत्रकाचा मजकूर डीटीपीवाल्याकडून आलेला असतो, श्रीलिपीत किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये. या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘हापूस’ दिसतं, पण आत साठलेली असतात भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. गुगल मुखवटा बघत नाही, आतली चिन्हं वाचतो. त्याच्या दृष्टीने ते मराठीच नाही.

तपासायची पद्धत सोपी: पानावरची दोन वाक्यं कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. मराठी मराठीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना वाचता येणाऱ्या लिपीत आहे. चित्रविचित्र चिन्हं आली तर मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांखालून घाला, कारण रफार, ‘ऱ्या’ आणि ‘अ‍ॅ’ या जागी कन्व्हर्टर हमखास घसरतो. मजकूर कॉपीच होत नसेल तर ते चित्र आहे. दरपत्रकाचं जेपीजी पानावर लावून ‘दर दिलेत की’ म्हणणारे बरेच. शोधात ते दर नाहीत असंच समजा. दर टाइप करा, साध्या तक्त्यात.

पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत ठेवा. गुगलला देवनागरी पत्ता चालतो, अडचण माणसांची आहे. पत्ता कॉपी केला की देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात. ‘हापूस-आंबा’ एवढ्याशा नावात काना-मात्रा-अनुस्वार धरून नऊ चिन्हं आणि एक जोडरेघ, म्हणजे ८२ अक्षरं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्केवारीच्या खुणांची लांबच लांब माळ दिसते आणि लोक तिला हात लावायला घाबरतात. शिवाय वर्डप्रेस पानाच्या नावाला २०० अक्षरंच देतं, म्हणजे साधारण बावीस चिन्हांनंतर नाव मध्येच तुटतं. शीर्षक मराठीत लिहा, ‘स्लग’च्या चौकोनात दोन-तीन शब्द रोमनमध्ये टाका, आणि पान प्रसिद्ध झाल्यावर त्याला हात लावू नका. बदलावंच लागलं तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ प्रकारचं वळण द्या.

‘दर्जेदार सेवा हाच आमचा ध्यास’

आता मजकूर. नव्या साइटच्या मुख्य पानाचं शीर्षक बऱ्याचदा नुसतं ‘होम’ असतं आणि पहिलं वाक्य वरच्यासारखं. त्यात आंबा नाही, देवगड नाही, पेटी नाही. शोधणारा माणूस ‘दर्जेदार सेवा’ टाइप करत नाही.

तेच पान असं करा. शीर्षक: ‘देवगड हापूस थेट बागेतून, ५ डझनांची पेटी, पुणे-मुंबई घरपोच’. मोबाइलवर लांब शीर्षक कापलं जातं, म्हणून वस्तू आणि गाव सुरुवातीलाच. पहिला परिच्छेद: ‘मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत आमच्या बागेतला हापूस २ डझनांच्या खोक्यात आणि ५ डझनांच्या पेटीत मिळतो. फळ तयार झाल्यावर उतरवतो, हिरवं पाठवतो, घरी आल्यावर काही दिवसांत पिकतं.’ तारखा आणि आकडे अर्थात आपापल्या बागेचे. मेटा डिस्क्रिप्शनमध्ये (पानाच्या वर्णनाच्या रकान्यात) याचाच गोषवारा द्या. त्याने क्रमांक वर जात नाही, पण शोधात शीर्षकाखाली ते दिसू शकतं आणि कुणी टिचकी मारायची की नाही ते त्यावर ठरतं. मेटा कीवर्ड्सचा रकाना सोडून द्या. आपण तो वापरत नाही असं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलंय, तरी त्याचे पैसे घेणारे अजून आहेत.

मग कोणती पानं हवीत? फोनवर गिऱ्हाईक जे विचारतं ती. एका हंगामातले फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे प्रश्न चाळले तर यादी आयती हाती येते. पेटीत साका (आतून गर खराब झालेलं फळ) निघाला तर बदलून देता का? हिरवे आंबे आलेत, पिकवायचे कसे? अढी (आंबे पिकवायचा गवताचा थर) घालायला गवत नसेल, फ्लॅटमध्ये काय करायचं? फ्रिजमध्ये ठेवले तर चालतील का? अडीचशे ग्रॅमचं फळ आणि तीनशेचं, चवीत फरक असतो का? हापूसच्या नावाखाली दुसरा आंबा येतो तो ओळखायचा कसा? यांतल्या प्रत्येक प्रश्नाचं नीट उत्तर दहा वाक्यांत बागायतदार देऊ शकतो. एखाद्या एजन्सीतला मजकूर लिहिणारा नाही देऊ शकत. साका का होतो आणि तो बाहेरून का दिसत नाही, हे लिहून सोबत कापलेल्या फळाचा स्वतः काढलेला फोटो लावला, तर ते पान दुसरीकडून उचललेल्या शंभर लेखांपेक्षा वरचढ आहे. एआयकडून एका रात्रीत पन्नास लेख काढून टाकायचा मोह होतो. गुगलच्या स्पॅम धोरणात मार्च २०२४ पासून अशा घाऊक मजकुराला वेगळं कलम आहे, आणि तसंही त्यातल्या बहुतेक पानांच्या नशिबी ‘क्रॉल्ड, नॉट इंडेक्स्ड’च येतं.

भौगोलिक मानांकनाचा (जीआयचा) उल्लेख करायचा तर नीट करा. हापूसला ते ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. पण ते वापरणाऱ्याची स्वतःची नोंदणी असावी लागते. असेल तर प्रमाणपत्राचा फोटो आणि क्रमांक पानावर द्या. नसेल तर ‘जीआय मानांकित’ असं नुसतं रंगवू नका.

एक चूक दरवर्षी होते: ‘हापूस बुकिंग २०२५’ असं वर्षाच्या नावाचं पान काढायचं, जूनमध्ये डिलीट करायचं, पुढच्या वर्षी पुन्हा नवीन. पानाला मिळालेली ओळख, त्याच्याकडे येणारे दुवे, सगळं दर जूनमध्ये शून्यावर. बुकिंगचं एकच पान ठेवा, पत्त्यात वर्ष नको. हंगाम संपला की त्याच पानावर ‘यंदाचा हंगाम संपला, पुढच्या वर्षीसाठी नाव नोंदवा’ असं लिहा आणि फोन नंबरचा छोटा अर्ज ठेवा. साल फक्त शीर्षकात बदलत राहा.

शहरांची पानं काढताना सांभाळा. ‘पुण्यात हापूस’, ‘ठाण्यात हापूस’, ‘नाशिकमध्ये हापूस’, आणि आत मजकूर तोच, शहराचं नाव तेवढं बदललेलं. याला गुगलच्या भाषेत डोअरवे म्हणतात आणि ते स्पॅममध्ये मोडतं. पुण्याला गाडी कोणत्या वारी निघते, पेटी कोथरूडमध्ये घरी येते की पिकअपच्या जागेवरून न्यावी लागते, वाहतुकीचे किती, हे सगळं खरंच वेगळं असेल तरच पुण्याचं वेगळं पान.

हापूस की हापुस, आंबा की अल्फान्सो, मराठीत की रोमनमध्ये? लोक सगळं टाइप करतात. प्रत्येक लेखनासाठी वेगळं पान करायची गरज नाही, गुगल एवढं जुळवून घेतो. इंग्रजीत शोधणारे बरेच असतील तर इंग्रजीचं खरंखुरं वेगळं पान करा, वेगळ्या पत्त्यावर, आणि दोन्ही पानांना एकमेकांची ओळख देणारा एचरेफलँग टॅग लावा, दोन्हीकडून. वर भाषेचं बटण देऊन त्याच पत्त्यावर मजकूर पालटणारं भाषांतर-प्लगइन शोधाच्या दृष्टीने बिनकामाचं.

फोटो आणि वेग

गुगल साइटचं मोबाइलवरचं रूपच वाचतो. त्यामुळे संगणकावर छान दिसणारा पण मोबाइलच्या पानातून काढून टाकलेला मजकूर धरला जात नाही. वेग पेजस्पीड इनसाइट्सवर तपासा. पानावरचा मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी, आणि पान लोड होताना हलण्याचा आकडा ०.१ पेक्षा कमी असावा.

छोट्या साइटचा वेग बहुतेक वेळा एकाच गोष्टीने मरतो: फोनमधून थेट चढवलेले चार-पाच एमबींचे फोटो. रुंदी १२०० ते १६०० पिक्सेलवर आणा, वेबपी प्रकारात जतन करा, दीडशे-दोनशे केबीत काम भागतं. सगळ्यात वरच्या फोटोला लेझी लोडिंग (जवळ आल्यावरच फोटो उतरवणं) नको, खालच्यांना चालेल. फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये दिलेली असली की पान उड्या मारत नाही. ‘ऑल्ट’च्या रकान्यात फोटोत जे आहे ते लिहा: ‘गवताच्या अढीत पिकायला ठेवलेला हापूस’. तिथे शब्दांची भरताड नको. या सगळ्यात शंभरपैकी शंभर मिळवायच्या मागे मात्र लागू नका. पान चटकन उघडलं की बस.

नकाशावरचं खातं

पुण्यातला माणूस ‘जवळचा आंबेवाला’ शोधतो तेव्हा वर नकाशा येतो, आणि तिथे साइटपेक्षा गुगल बिझनेस प्रोफाइल महत्त्वाचं. ते फुकट आहे. ‘गुगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग बंद होणार’ असं सांगून पैसे मागणारा फोन आला तर ठेवून द्या. पूर्वी या खात्याबरोबर एक छोटी मोफत साइट मिळायची. ती सोय गुगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. जुन्या पत्रकावर किंवा क्यूआर कोडमध्ये तो पत्ता अजून असेल तर बदलून घ्या.

आधी एक अट बघा. गिऱ्हाईक बागेत किंवा दुकानात येत असेल, किंवा तुम्ही स्वतः पेटी घेऊन दारात जात असाल, तरच हे खातं काढता येतं. सगळा धंदा ऑनलाइन आणि पेट्या कुरिअरने, तर नियमात बसत नाही. बसत असेल तर नाव पाटीवर आहे तेच टाका. पाटीवर बागेचं नाव आणि खात्यात ‘बेस्ट देवगड हापूस आंबा घरपोच पुणे’, असं केलं की खातं निलंबित होण्याची वेळ येते. तपासणीसाठी आता अनेकदा व्हिडिओ मागतात: न कापलेला, सलग. रस्ता आणि परिसर, मग पाटी, मग कुलूप उघडून आत जाणं किंवा पेट्यांवरचा छापील शिक्का, या क्रमाने काढा. घरूनच धंदा असेल तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचे भाग भरता येतात, वीसपर्यंत.

परीक्षण (रिव्ह्यू) मागायला हरकत नाही, पण ‘पाच तारे द्या, शंभर रुपये सूट’ हे नियमात बसत नाही. पेटी पोचल्यावर आठव्या दिवशी, आंबे खाऊन झालेले असताना, दुवा पाठवा. तक्रारीचं परीक्षण आलं तर सरळ उत्तर द्या: किती फळं खराब निघाली, काय भरपाई दिली. पुढचं गिऱ्हाईक तेच वाचतं.

नाव, पत्ता आणि फोन साइटवर, प्रोफाइलवर, जस्टडायलवर, इन्स्टाग्रामवर एकसारखे ठेवा.

दुवे कुठून येतील

दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारा दुवा हा नव्या साइटसाठी ओळखपत्रासारखा. ‘पाचशे बॅकलिंक, दोन हजारांत’ हा सौदा मात्र गुगलच्या नियमाविरुद्ध आहे आणि ते दुवे बहुतेक वेळा मोजलेच जात नाहीत, म्हणजे पैसे तरी नक्कीच गेले. खरे दुवे ओळखीच्या ठिकाणी पडलेले असतात. ज्या सहकारी संस्थेचे सभासद आहात तिच्या साइटवर सभासदांची यादी असेल. ज्या गृहसंकुलात दर वर्षी स्टॉल लावता त्यांचं पान असेल. शेजारच्या होमस्टेवाल्याला बागेच्या फेरीची माहिती हवी असेल. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचे सभासद पुण्यातल्या आईवडिलांना पेटी पाठवतात. ‘परदेशातून पैसे भरून भारतात पेटी’ असं स्पष्ट पान असेल तर त्याचा दुवा मंडळाच्या पानावर यायला कारण मिळतं. असे सहा दुवे पुष्कळ झाले.

बिंगला विसरू नका. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलवरून सगळं एका टिचकीत आणता येतं, पाच मिनिटांचं काम, आणि डकडकगोचे निकालही बरेचसे तिथूनच येतात. स्ट्रक्चर्ड डेटा, म्हणजे दर, पत्ता, वेळा यंत्राला समजतील अशा लिहिणं, वर्डप्रेसवर प्लगइन करून देतं. रिच रिझल्ट्स टेस्टवर एकदा तपासा. ‘एफएक्यू स्कीमा (प्रश्नोत्तरांचा स्ट्रक्चर्ड डेटा) लावून शोधात प्रश्नोत्तरं दाखवतो’ असं कुणी विकत असेल तर ऑगस्ट २०२३ मध्येच गुगलने ते सरकारी आणि आरोग्याच्या मोठ्या साइटपुरतं मर्यादित केलंय. आणि गुगलवर जाहिरात दिली म्हणून खालच्या फुकटच्या निकालांत क्रमांक वाढत नाही, दोन्ही खाती वेगळी आहेत. तरी पहिल्याच हंगामात साइट उशिरा तयार झाली असेल, तर एप्रिलमध्ये थोडी जाहिरात करणं शहाणपणाचं, कारण आंबा थांबत नाही.

दर सोमवारी पंधरा मिनिटं

सर्च कन्सोलचा ‘परफॉर्मन्स’ अहवाल उघडा. पक्के आकडे दोन-तीन दिवस मागे असतात. सुरुवातीला फक्त ‘इंप्रेशन्स’ बघा, म्हणजे आपलं पान किती वेळा निकालात आलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हा आकडा शून्यावरून हलायला लागला की गाडी रुळावर आली. टिचक्या नंतर.

मग ‘क्वेरीज’मध्ये, म्हणजे लोकांनी टाइप केलेल्या शोधांच्या यादीत, दोन प्रकारचे शब्द शोधा. सरासरी क्रमांक आठ ते वीसच्या मध्ये आहे असे शब्द: त्या विषयावर पानात नेमकी भर घाला आणि साइटच्या दुसऱ्या पानांवरून तिकडे दुवा द्या. आणि दिसतंय खूप पण टिचकी कुणी मारत नाही असे: तिथे शीर्षक बदलून बघा. ‘हापूस पेटी दर’ या शोधात पान येतंय आणि शीर्षकात दराचा मागमूस नाही, तर लोक पुढे जाणारच. एका वेळी एकच बदल, आणि मग तीन आठवडे हात बांधून बसा.

स्वतःच्याच फोनवर रोज शोधून क्रमांक बघू नका. तुमचं ठिकाण आणि तुमची सवय यांवर गुगल निकाल बदलतो, देवगडात बसून पहिला नंबर दिसला म्हणजे पुण्यात दिसतोच असं नाही. अहवालातला सरासरी क्रमांक त्यापेक्षा खरा.

हा अहवाल सोळा महिन्यांपर्यंतचाच डेटा ठेवतो. पहिला हंगाम संपला की जूनमध्ये मार्च ते मेचे आकडे ‘एक्सपोर्ट’ करून घ्या आणि शेजारी किती पेट्या कुठल्या शहरात गेल्या ते लिहून ठेवा. बुकिंगच्या पानावर पुढच्या वर्षीचा अर्ज लावायचं कामही त्याच दिवशी उरका.